माल्कमचे नाव राहूनच गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन हार्ड रॉक बँडच्या 'शॉट इन द डार्क' या गाण्याविषयीचे टिपण वाचले. सहा वर्षांच्या खंडानंतर ७ ऑक्टोबर २०२० रोजी आलेल्या या गाण्याची 'नवे काहीच नाही' एवढ्या एका वाक्यात बोळवण केली आहे. गाणे जुन्या वळणाचे आहे, हे मलाही मान्य आहे. पण ते तसे का आहे, याची चौकशी टिपणकारांनी करायला हवी होती.

शाळेच्या गणवेशात मंचभर धावणाऱ्या अँगस यंगला सारे ओळखतात. बँडचा कणा मात्र मागे ॲम्प्लिफायरच्या भिंतीजवळ उभा राहून ऱ्हिदम गिटार वाजवणारा त्याचा थोरला भाऊ माल्कम होता. तबलजीने ठेका सैल सोडला तर गवयाची तान अधांतरी राहते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. इथे ते काम ड्रमइतकेच माल्कमच्या उजव्या हाताकडे होते. स्मृतिभ्रंशामुळे २०१४ मध्ये त्याला बँड सोडावा लागला आणि १८ नोव्हेंबर २०१७ रोजी तो गेला. 'पॉवर अप' या २०२० च्या अल्बममधली बाराही गाणी, हे गाणे धरून, दोघा भावांच्या नावावर आहेत, कारण दोघांनी पूर्वी करून ठेवलेल्या सुरावटींमधूनच अँगसने ती उभी केली. टिपणकारांना खटकलेला जुनेपणा येतो तो तिथून.

हेडफोन लावून गाणे ऐकावे. ऱ्हिदम गिटार आता पुतण्या स्टीव्ही वाजवतो (पुतण्या म्हटले तरी तो अँगसहून दोन वर्षांनीही लहान नाही). तो तारा छेडतो, लगेच दाबून आवाज तोडतो आणि मधली जागा मोकळी सोडतो. त्या मोकळ्या जागेत ड्रमवादक फिल रडच्या स्नेअर ड्रमचा ठोका पडतो. काकाची हीच रीत होती, आणि ती दिसते तितकी सोपी नाही.

शिवाय हा बँड पुन्हा एकत्र येईल, अशी चिन्हेच नव्हती. श्रवणशक्ती पूर्ण जाण्याचा इशारा डॉक्टरांनी दिल्याने गायक ब्रायन जॉन्सनला २०१६ चा दौरा अर्धवट सोडावा लागला, उरलेले कार्यक्रम 'गन्स एन' रोझेस' बँडच्या ॲक्सल रोझने गायले, त्याच दौऱ्यानंतर बासवादक क्लिफ विल्यम्स निवृत्त झाला आणि रड तर न्यायालयीन प्रकरणामुळे आधीच बाहेर होता. जॉन्सन, विल्यम्स आणि रड हे तिघेही या गाण्यात आहेत.

याचा अर्थ चाहत्यांनी चालवलेला जयजयकार मला पटतो असे नाही. शब्द सामान्य आहेत, सत्तरी ओलांडलेल्या जॉन्सनच्या आवाजात १९८० च्या 'बॅक इन ब्लॅक'मधली धार उरलेली नाही, आणि त्या अल्बममधल्या गाण्यांच्या पंक्तीत हे गाणे बसवणे म्हणजे प्रेमापोटी केलेली अतिशयोक्ती आहे. 'पॉवर अप' ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, यानेही गाण्याचा कस ठरत नाही.

संपूर्ण अल्बमचे परीक्षण आपण छापणार असाल, तर त्यात ऱ्हिदम गिटारविषयी चार ओळी असाव्यात, आणि माल्कमचे नाव यावे. या टिपणात ते एकदाही आलेले नाही.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे