बाबांच्या गोळ्यांविषयी

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बांबोळीच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना मी मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या गोळ्यांसाठी होकार कळवला आहे. बाबा, तुम्हाला न विचारता कळवला म्हणून तुम्ही रागावणार, हे ठाऊक आहे. पण रात्रभर कण्हून सकाळी ‘झोप छान लागली’ असे तुम्ही सांगता, हे आई माझ्यापासून किती दिवस लपवणार? मॉर्फिन म्हणजे शेवट असे मुळीच नाही. हाडांतल्या दुखण्यासाठी ते महिनोन्‌महिने घेऊन हिंडणारी-फिरणारी माणसे असतात. शरीराला सवय होते, म्हणून गोळी एकाएकी बंद करायची नसते, डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. त्या सवयीला व्यसन म्हणत नाहीत. कायद्याची धास्तीही नको, अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांतून ही औषधे रीतसर मिळतात. चिठ्ठी तेवढी जपून ठेवा.

माझ्या तापाच्या औषधासाठी तुम्ही मध्यरात्री गजर लावून उठायचात आणि गोळी साखरेत चुरून भरवायचात. आता तुम्हीही तसेच घड्याळावर घ्या, कळ असह्य होईपर्यंत थांबू नका. चुरायची मात्र नाही, कारण बारा तास पुरणारी गोळी चुरली तर सगळे औषध एकदम अंगात उतरते.

आई, गोळ्या कपाटात कुलपात ठेव आणि दिलेली वेळ कालनिर्णयावर लिही. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नकोस. तुझी झोपेची गोळी त्यांना अर्धीसुद्धा द्यायची नाही, आणि बाबा, काजूच्या दारूचा, त्या हुर्राकाचा एक घोटही नाही. दोन्हींमुळे श्वास मंदावतो. हाका मारूनही ते जागे होत नसतील, श्वास फार सावकाश किंवा घरघरता असेल, तर मला फोन न करता आधी १०८ ला कर.

मळमळ आणि गुंगी बहुधा थोड्या दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून रोज द्यावे. नुसत्या इसबगोलावर विसंबू नये, त्याला भरपूर पाणी लागते आणि बाबा पाणी किती पितात ते आपण जाणतोच! पेज आणि सोलकढी खुशाल चालेल.

शेजारी कोणाची कंबर धरली तरी यातली गोळी द्यायची नाही. आई, तुझा हात सैल आहे म्हणून लिहिते. उरलेल्या गोळ्या रुग्णालयातच परत करायच्या, आणि संपण्याआधी चार दिवस मला कळवायचे.

तुमची,
बाय