येळवशीला क्लासची लेकरंही शेतात येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीच्या शेतातल्या सणाला, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत स्थानिक सुट्टी असते. दुकानं बंद, रस्ते ओस, सगळं शहर शेतात. मी औसा रोड भागात विद्यार्थ्यांची मेस चालवते. दिवाळीत मेस बंद असली तरी घरचा फराळ, पाहुणे चुकत नाहीत. येळवशीचा दिवस मात्र मी मैत्रिणींना दिलेला असतो.

मला स्वतःचं शेत नाही. आमच्यातल्या एकीचं औसा तालुक्यात आहे, तिच्याकडे आम्ही सगळ्या जमतो. आदल्या रात्रीच तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे सोलायला बसतो. मेथी, पालक, चुका निवडून होतो. गप्पा इतक्या चालतात की रात्र कधी सरली कळत नाही. पहाटे चिंचेचा कोळ घालून, बेसन लावून या सगळ्याची भज्जी शिजते. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली आंबील मडक्यात भरायची, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, धपाटे बांधून घ्यायचे. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, उभी असते, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव. पूजा झाली की 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत रानभर आंबील शिंपडायची आणि मग पंगत. भज्जीत उंडा कुस्करून खावा, वर गार आंबील प्यावी. घरी तीच भज्जी मी केली आहे, पण ज्वारीच्या सावलीत, चार मैत्रिणींच्या मध्ये बसून जेवताना जी चव लागते ती घरी येत नाही. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही 'या की जेवायला' म्हणायची आपली रीत आहे. ती मला फार मोलाची वाटते.

म्हणूनच हे पत्र. लातुरात नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, तयारीसाठी नांदेड, परभणी, हिंगोलीपासून विदर्भापर्यंतची मुलं येऊन राहतात. येळवशीला मेस बंद, हॉटेलं बंद, आणि काही क्लासेस त्याच दिवशी चाचणी ठेवतात. गेल्या येळवशीला मी मेसमधल्या दोन मुलींना चला म्हटलं. वाशीमकडची आली. आंबील तिने आयुष्यात पहिल्यांदा चाखली, मग मडकं उचलून आमच्यासोबत रानभर फिरली, आणि शेतातूनच आईला फोन लावून भज्जी कशी करतात ते सांगत बसली. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे वाळल्या गवताची पेंढी, पेटवून फिरवला तेव्हा निघायला तयार नव्हती. दुसरीची चाचणी होती. तिच्यासाठी धपाटे खोलीवर ठेवून मी निघाले. ते मला दिवसभर टोचत राहिलं.

नीट मे महिन्यात असते आणि येळवस डिसेंबर-जानेवारीत. २०२४ साली ती ३० डिसेंबरला आली होती. त्या एका दिवसाची चाचणी दुसऱ्या दिवशी घेतली तर कुणाचं काय बिघडतं? सोळा-सतरा वर्षांची ही लेकरं रोज पहाटेपासून पुस्तकात असतात, कित्येकजण महिनोन्‌महिने घरी जात नाहीत. ती जेवताना मी रोज बघते. घास तोंडात आणि नजर नोट्सवर. सोबत्यांबरोबर मातीत बसून पोटभर जेवण्याचा एक दिवस त्यांना मिळायलाच हवा.

अमावस्या कधी येते हे पंचांगात आधीच छापलेलं असतं. क्लासचालकांनी वर्षाचं वेळापत्रक आखतानाच तो दिवस मोकळा सोडावा. शेत असलेल्या लातूरकरांनी आपल्या शेजारच्या हॉस्टेलमधल्या दोन-चार मुलांना घरच्यांसोबत न्यावं. माझ्या मेसमधल्या मुलांची सोय आम्ही मैत्रिणी करू. बाकीच्या मेसवाल्या ताईंनीही आपापल्या ओळखीतल्या शेतवाल्यांना आतापासूनच विचारून ठेवावं, ही विनंती.

आपली,
एक मेसचालक, लातूर