ताई, त्या दिवशी मला थांबवलंत म्हणून

प्रिय ताई,

प्रवासात लॅपटॉप बंद पडला आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण घरच्या कॉम्प्युटरवर अडकलं, तेव्हा मी एका सार्वजनिक वाचनालयातून तुम्हाला फोन केला होता. तिथल्या कॉम्प्युटरवर काहीच इन्स्टॉल करता येत नव्हतं, यूएसबी बंद, चालत होता तो फक्त ब्राउझर. माझा जीव वरखाली होत होता. तुम्ही मात्र शांतपणे विचारलंत, "ग्रंथपालांची परवानगी घेतलीत?" ती घेऊन आले, तर म्हणालात, "आता तुमचा नेहमीचा पासवर्ड तिथे अजिबात टाइप करायचा नाही."

घरचा कॉम्प्युटर बाहेरून वापरता यावा म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची वाट, उघडा ठेवायचा माझा बेत तुम्ही आधीच हाणून पाडला होता. त्याऐवजी घरी अपाची ग्वाकामोली, म्हणजे ब्राउझरमधूनच दूरचा कॉम्प्युटर वापरू देणारं सॉफ्टवेअर, बसवून दिलंत. तेव्हा मला एवढा खटाटोप कशाला असं वाटलं होतं. त्या दिवशी एक एचटीटीपीएसचं पान उघडलं आणि त्याच पानात माझा घरचा डेस्कटॉप समोर आला! विंडोजचा पासवर्ड घरच्या सर्व्हरमध्येच होता, वाचनालयाच्या कीबोर्डला तो कळलाच नाही. ग्वाकामोलीचं खातंही तुम्ही त्या दिवसापुरतं वेगळं काढलंत, कॉपी-पेस्ट बंद ठेवून. शिवाय लॉगिन करताना फोनवरचा सहा आकडी कोड, दर ३० सेकंदांनी बदलणारा. कोडची वेळ दाखवणारं वर्तुळ संपत आलं की माझी बोटं अडखळायची, आणि तुम्ही म्हणायचात, "जाऊ दे, पुढचा येऊ दे."

कुणी कीबोर्ड टिपत असेल तरी त्याच्या हाती फारसं लागणार नाही, पण स्क्रीनवर जे दिसेल ते तो पाहू शकतो, हेही तुम्ही लपवलं नाहीत. म्हणून प्रकरण दुरुस्त केलं, घरच्याच कॉम्प्युटरवरून मार्गदर्शकांना पाठवलं, बाकी काही उघडलं नाही.

काम झाल्यावर मी ब्राउझरची खिडकी बंद करायला निघाले होते. तुम्ही पुन्हा थांबवलंत. नुसती खिडकी बंद केली तर पलीकडे सगळं तसंच उघडं राहतं, म्हणून आधी विंडोजमधून साइन आउट, मग ग्वाकामोलीमधून, मग ब्राउझर. प्रत्येक पायरीला स्क्रीनवर काय दिसतंय ते माझ्याकडून वाचून घेतलंत.

संध्याकाळी तुमचा मेसेज आला : "खातं बंद केलं. निवांत झोपा."

खरंच झोपले, ताई. मनापासून आभार.

तुमची,
एक विद्यार्थिनी