‘गृहीतक अध्याहृत आहे’ एवढ्यावर भागत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

स्पर्धा परीक्षांच्या सराव पानांवर ‘विधान आणि गृहीतक’ या प्रकारचे, म्हणजे दिलेल्या विधानामागे पर्यायांपैकी काय धरलेले आहे ते ओळखायचे, प्रश्न नेमाने छापले जातात आणि खाली उत्तर येते: ‘फक्त गृहीतक १ अध्याहृत (न बोलता धरलेले) आहे.’ का, ते क्वचितच सांगितलेले असते. गणित चुकले तर विद्यार्थी आकडेमोड पुन्हा तपासून चूक हुडकतो. इथे तपासायला त्याच्या हाती काहीच नसते. मग तो ठोकताळे पाठ करतो. ‘फक्त’, ‘सर्व’, ‘नेहमी’ दिसले की पर्याय बाद. ‘काही’ दिसले की बरोबर. हे ठोकताळे बऱ्याचदा लागू पडतात, आणि म्हणूनच ते जास्त घातक. गृहीतक तपासायची रीत दोन-तीन ओळींत छापता येते. ती उत्तराबरोबर छापावी, यासाठी हे पत्र.

युक्तिवाद करणाऱ्याने न बोलता धरलेली आणि जिच्यावाचून निष्कर्षाचा आधारच सुटतो अशी गोष्ट म्हणजे गृहीतक. यात दोन अटी आहेत. विधानात स्पष्ट म्हटलेलेच शब्द फिरवून पर्यायात आले, तर ते गृहीतक नव्हे. आणि पर्याय व्यवहारात खरा आहे की खोटा, याला इथे महत्त्व नाही. युक्तिवादाला त्याची गरज आहे का, एवढेच पाहायचे. विधानातून पुढे निघते ते अनुमान, विधानाच्या मागे उभे असते ते गृहीतक. निम्म्याहून अधिक गोंधळ इथेच होतो, असे शिकवताना सतत जाणवते.

‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो’ हे न्यायशास्त्रातले, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातले, उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. यात न बोललेली गोष्ट म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती, म्हणजे दोहोंचा न चुकणारा संबंध. परीक्षेत मात्र शेजारीच ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हा उलटा पर्याय ठेवलेला असतो, आणि घाईत तोच उचलला जातो. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो, धुराला ओले सरपण लागते, असे सांगून नैयायिकांनी तो केव्हाच खोडून ठेवला आहे. पण परीक्षार्थीला तेवढ्या खोलात शिरायचीही गरज नाही. तो पर्याय खरा असता, तरी धुरावरून अग्नीकडे जायला त्याचा काही उपयोग नव्हता.

आता रीत. पहिल्यांदा निष्कर्ष शोधायचा. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘सबब’ यांच्या पुढे निष्कर्ष असतो. ‘कारण’च्या पुढे आधार असतो आणि निष्कर्ष त्याच्या आधी येऊन गेलेला असतो. मग आधारात नसलेली पण निष्कर्षात अचानक उगवलेली कल्पना हेरायची. उदाहरणार्थ: ‘ग्रंथालयात येणाऱ्यांची संख्या यंदा घटली. त्यामुळे लोकांचे वाचन कमी झाले आहे.’ आधार येणाऱ्यांविषयी आहे, निष्कर्ष वाचनाविषयी. गृहीतक या दोहोंच्या मधल्या फटीत असणार, हे पर्याय वाचण्यापूर्वीच कळते.

त्यानंतर प्रत्येक पर्याय नाकारून पाहायचा. नकार दिल्यावर आधार आणि निष्कर्ष यांचे नाते तुटले, तर पर्याय अध्याहृत. ‘येईनासे झालेले लोक दुसरीकडून तेवढेच वाचत नाहीत’ हा पर्याय घ्या. याचा नकार: ते दुसरीकडून तेवढेच वाचतात. निष्कर्ष कोसळला, म्हणजे गृहीतक पक्के. आता ‘ग्रंथालय हे वाचनाचे एकमेव साधन आहे’ हा पर्याय. नकार: इतर साधनेही आहेत. असतील, तरीही एकूण वाचन घटलेले असू शकते. युक्तिवाद तगला, पर्याय बाद. तो बाद झाला तो ‘एकमेव’ या शब्दामुळे नव्हे, तर तो युक्तिवादाच्या गरजेपेक्षा जास्त सांगतो म्हणून. निष्कर्षच ‘सर्व’विषयी असेल, तर ‘सर्व’ असलेला पर्याय आवश्यक ठरू शकतो. ठोकताळ्यावर विसंबणारे तिथे फसतात.

नकार नीट देणे हे यातले खरे कसब. ‘सर्व अ ब आहेत’ याचा नकार ‘एकही अ ब नाही’ असा नसून ‘निदान एक अ ब नाही’ असा आहे. ‘काही अ ब आहेत’ याचा नकार ‘एकही अ ब नाही’. ‘अ झाले तर ब होते’ याचा नकार ‘अ होऊनही ब होत नाही, असे घडू शकते’. मराठीत आणखी एक खाचखळगा आहे. ‘सर्व अर्जदार आले नाहीत’ या वाक्यातून एकही आला नाही असाही अर्थ निघतो आणि काही आले नाहीत असाही. म्हणून नकार लिहिताना ‘सर्वच आले असे नाही’ अशी मोडणी करावी. प्रश्न भाषांतरित करणाऱ्यांनीही हे सांभाळायला हवे. पर्यायच द्व्यर्थी असेल तर नकार कशाला द्यायचा?

आवश्यक आणि पुरेसे यांतला फरक टक्केवारीच्या प्रश्नांत सर्वांत स्वच्छ दिसतो. समजा विधान असे: ‘एकूण अपघातांत रात्रीच्या अपघातांचे प्रमाण 40 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर आले, म्हणजे रात्रीचे अपघात कमी झाले.’ बहुतेक जण ‘एकूण अपघात वाढले नाहीत’ हे गृहीतक निवडतील. नाकारून पाहा. आधी एकूण 200 अपघात होते, रात्रीचे 80. एकूण 220 झाले, तर 30 टक्क्यांनी रात्रीचे 66 होतात. एकूण वाढूनही निष्कर्ष शाबूत आहे. पण एकूण 300 झाले, तर रात्रीचे 90 होतात आणि निष्कर्ष उलटतो. म्हणजे ‘वाढले नाहीत’ हे पुरेसे आहे, आवश्यक नाही. आवश्यक आहे ते इतकेच, की एकूण अपघात एक-तृतीयांशाने किंवा त्याहून जास्त वाढलेले नाहीत. चांगला प्रश्नकर्ता हे दोन्ही पर्याय शेजारी ठेवतो. निष्काळजी प्रश्नकर्ता फक्त पहिला देतो आणि उत्तरतालिकेत तोच बरोबर ठरवतो.

कार्यकारणाच्या विधानांत फट बहुधा ठरलेल्या जागी असते. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण मानली, तर तिसरे कारण नाही, दिशा उलटी नाही आणि हा निव्वळ योगायोग नाही, हे धरलेले असते. प्रशिक्षण घेतलेल्यांचे काम सरस दिसते, म्हणून श्रेय प्रशिक्षणाला. पण मुळात हुशार मंडळीच प्रशिक्षणाला गेली नव्हती ना?

सूचना आणि जाहिराती यांत निष्कर्ष शब्दांत नसतो, हेतू असतो. तिथे नकार हेतूशी ताडून पाहायचा. ‘आग लागल्यास लिफ्ट वापरू नये, जिना वापरावा’ या सूचनेत ‘आग लागणार आहे’ हे धरलेले नाही; ‘लागू शकते’ हे धरलेले आहे. ‘सर्व जण सूचना पाळतील’ हे धरलेले नाही; ‘काही जण तरी पाळतील’ हे आहे, नाहीतर सूचना लावायचे कारणच उरत नाही. जिना वापरण्याजोगा आहे, हेही धरलेले आहे. तो सर्वस्वी सुरक्षित आहे, हे मात्र धरलेले नाही. लिफ्टपेक्षा बरा आहे, एवढेच पुरते.

दोन गृहीतके दिली असतील तर ती एकमेकांशी ताडू नयेत. प्रत्येकाची परीक्षा स्वतंत्र. वॉटसन-ग्लेझर या चिकित्सक विचारशक्तीच्या प्रसिद्ध चाचणीत गृहीतके ओळखण्याचा एक वेगळा विभागच आहे, आणि त्यात प्रत्येक प्रस्तावाला ‘धरलेले आहे’ किंवा ‘धरलेले नाही’ असे सुटे उत्तर द्यावे लागते. आपल्याकडच्या ‘फक्त १’, ‘फक्त २’, ‘दोन्ही’ अशा मांडणीमुळे विद्यार्थी ‘दोघांतले जास्त बरे कोणते’ असा विचार करू लागतो, आणि दोन्ही अध्याहृत असतानाही एकच निवडून मोकळा होतो.

तेव्हा विनंती अशी, की सराव उत्तराखाली निष्कर्ष कोणता आणि पर्यायाचा नकार काय, या दोन ओळी तरी छापाव्यात. ज्यांना उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची असते, त्यांनाही हाच नमुना कामी येईल. ‘पर्याय २ चुकीचा वाटतो’ असे लिहून कोणी ऐकत नाही. निष्कर्ष लिहावा, पर्यायाचा नकार लिहावा आणि तो नकार मान्य करूनही निष्कर्ष टिकतो अशी एक शक्य परिस्थिती आकड्यांसह दाखवावी. वरच्या उदाहरणात ती 220 अपघातांची आहे.

आपला,
तर्कक्षमता विषयाचा एक अध्यापक