आई-अण्णा, मी परीक्षा दिली

कोल्हापूर,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ती. आई आणि अण्णा यांना,
सा. नमस्कार.

रोज फोन असतोच, पण हा विषय निघाला की अण्णा, तुम्ही "जाऊ दे ते" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून आज निवांत बसून पत्र लिहितेय. २३ नोव्हेंबरला मी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दिली. आईला ठाऊक होतं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही, आणि आईनंही माझ्या शब्दाखातर तोंड उघडलं नाही. तिच्यावर रागावू नका.

गौरीजेवणाचा दिवस आठवतो ना? १ सप्टेंबर. पंगत बसली होती, आई वड्या वाढत होती आणि माझ्या फोनवर आमच्या शिक्षकांच्या ग्रुपचे मेसेज एकामागून एक यायला लागले. तुम्हीच चष्मा लावून मोठ्यानं वाचलंत. ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. ज्यांची पाच वर्षं किंवा त्याहून कमी उरलीत ते राहतील, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा. सुप्रीम कोर्टाचा निकाल. तुम्ही फोन खाली ठेवलात आणि म्हणालात, "एकोणीस वर्षं शिकवल्यावर विचारतात, तुला शिकवायला येतं का?" आणि ताटावरून उठलात. पुरणपोळी तशीच राहिली. तुम्ही भरल्या ताटावरून उठलेले मी जन्मात पाहिले नव्हते.

अण्णा, तुमचा राग खोटा नव्हता. मी २००६ ला लागले तेव्हा टीईटी नावाची गोष्टच नव्हती. डी.एड.ला मेरिटवर नंबर लागला होता. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तीन हजार मानधनावर काढली, एस.टी.नं दीड तास जाऊन. शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला आणि आपल्या राज्यात पहिली टीईटी झाली २०१३ च्या डिसेंबरात. ज्या दिवशी मला नेमलं त्या दिवशीच्या सगळ्या अटी मी पुऱ्या केल्या होत्या. आता मागं जाऊन नवी अट लावायची हे मला आजही पटत नाही. आमच्याबरोबरच्या कितीजणी रात्र रात्र झोपल्या नाहीत. जुनी पेन्शन तर आम्हाला नाहीच, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती मिळत नाही. आता नोकरीचाही भरवसा गेला असं वाटलं.

आणि परीक्षेवर विश्वास तरी कसा ठेवायचा? २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन पास झालेले सात हजारांवर उमेदवार निघाले. यावेळी तर पेपरच्या आदल्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, कागल तालुक्यात, पेपर पुरवतो म्हणून पोरांकडून पैसे घेणारी टोळी पोलिसांनी धरली. सकाळी सेंटरवर जाताना रस्त्यात ती बातमी कळली आणि वाटलं, मागं फिरावं.

फिरले नाही, त्याचं कारण आई आहे.

त्या दिवशी तुम्ही बाहेर सोप्यात जाऊन बसलात. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते, डोळ्यांत पाणी. आई म्हणाली, "दे की परीक्षा. मी न्हवती का दिली?" एवढंच. पुन्हा ताटं घासायला लागली.

अण्णा, तुम्हाला ते साल आठवतं का? १९८८. मी दुसरीत होते. अंगणवाडीत सेविका व्हायचं तर दहावी हवी, म्हणून आईनं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. सातवीला शाळा सुटलेली, दोन पोरं, दारात म्हैस. रात्री आम्ही झोपल्यावर ती रॉकेलची चिमणी घेऊन बसायची. मी गोधडीतून बघायचे. तुम्ही तिला गणित शिकवायचात. एकदा भूमितीचा तोच प्रश्न तिला तिसऱ्यांदा समजेना तेव्हा तुम्ही वही आपटलीत, "माझी चौथीतली पोरं यापेक्षा बरी" असं म्हणालात आणि झोपायला गेलात. आई बसून राहिली. मग तिनं तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उतरवून काढला. मार्चला गणित राहिलं, ऑक्टोबरला निघालं. गावात कुणी पेढे वाटले नाहीत. तुम्ही मात्र तिचा निकालाचा कागद तुमच्या सर्व्हिस बुकाच्या पिशवीत ठेवलात, तो अजून तिथंच आहे हे मला माहीत आहे.

हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुमच्यासारखा शिक्षक मी पाहिलेला नाही. पण वही आपटल्यावर समोरच्याच्या पोटात काय होतं, हे मला त्या वयात दिसलं होतं आणि शिक्षिका झाल्यावर मी ते विसरले होते. वर्गात मीही आवाज चढवते. मीही म्हणते, "कितीदा सांगायचं?"

गणपती संपल्यावर मी अभ्यासाला बसले. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. खुल्या गटाला पास व्हायला साठ टक्के लागतात, म्हणजे नव्वद. पहिली सराव परीक्षा मोबाईलवर सोडवली तर ७१ आले. त्या रात्री मी जेवले नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या पोरासमोर नापास होणं काय असतं ते कळलं. ओंकार अकरावीला आहे; तो शेजारी बसून इंग्रजीचे प्रश्न समजावून द्यायचा आणि एकदा वैतागून म्हणाला, "आई, हे सोपं आहे गं." त्या 'सोपं आहे' या शब्दाचा मला इतका राग आला! दुसऱ्या दिवशी वर्गात तोच शब्द माझ्या तोंडी आला आणि मी तिथंच थांबले. मी तो रोज वापरते, अण्णा. दिवसातून दहादा. ज्याला येतंय त्यालाच ते सोपं असतं. ज्याला येत नाही त्याला त्या शब्दातून एवढंच ऐकू येतं की सगळ्यांना जमतंय, तुलाच जमत नाही. आता तो शब्द मी वर्गात वापरत नाही.

आता एका पोराबद्दल सांगते. खरं तर हे पत्र मी त्याच्यासाठीच लिहायला घेतलं.

आमच्या शाळेच्या मागं ऊसतोड मजुरांच्या खोपी पडल्यात, बीडकडचे. हंगाम सुरू झाला आणि तिसरीच्या वर्गात एक मुलगा आला. अंगानं किरकोळ, पण डोळ्यांत चमक. वर्गात प्रश्न होता, 'जोडी म्हणजे किती?' सगळी पोरं ओरडली, "दोन!" हा म्हणाला, "एक कोयता." पोरं हसली. मीही चूक म्हणून पुढं जाणार होते. मग लक्षात आलं, त्याच्या घरात नवरा-बायको दोघांचा मिळून एकच कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. त्याच्या जगात जोडी म्हणजे एकच. त्याचं उत्तर माझ्या गाईडात नव्हतं, पण ते चूकही नव्हतं. त्याच आठवड्यात मी बालमानसशास्त्रात 'मुलाच्या पूर्वानुभवावर नवं ज्ञान उभं राहतं' असं पाठ करत होते. पाठ करत होते, आणि ते वाक्य माझ्यासमोर मळक्या शर्टात बसलं होतं.

त्याची वजाबाकी चुकायची. बावन्नातून सत्तावीस गेले की पस्तीस. लहानातून मोठा अंक जात नाही म्हणून तो मोठ्यातूनच लहान काढायचा. पूर्वी मी तिथं फुली मारली असती. यावेळी फुली मारायच्या आधी विचारलं, "कसं केलंस ते सांग." त्यानं सांगितलं, आणि मला तुमची आठवण आली. तुम्ही काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून वर्गात आणायचात आणि एककात कमी पडले की म्हणायचात, "मोळी सोड की रे!" मी त्याला तेच म्हणाले. तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, मोळी धाची नसती. कधी धा, कधी बारा, ऊस बघून."

अण्णा, तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं का कधी?

मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. पण आपल्या शाळेतली मोळी दहाचीच, मोजून बांधायची." त्यानं बाहेर जाऊन वाळल्या काड्या आणल्या, पाच मोळ्या बांधल्या, दोन काड्या सुट्या ठेवल्या. एक मोळी सोडली. बारातून सात काढले, चार मोळ्यांतून दोन काढल्या. पंचवीस. मग स्वतःच पाटीवरचं पस्तीस पुसलं. मी काही बोलले नाही.

तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत इथं, मग परत बीडकडं. तिथल्या पटावरही त्याचं नाव आहे, इथल्याही. तुम्ही दर २६ जूनला वर्गात सांगायचात, १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड लावला. या पोराच्या बापाला कसला दंड लावायचा? तो तर पोराला स्वतः वर्गाच्या दारापर्यंत आणून सोडतो आणि फडात जातो. हलायचं असेल तर शाळेनंच त्याच्या मागं हलायला हवं.

परीक्षेचं म्हणाल तर शहरातल्या एका शाळेत सेंटर होतं. घड्याळ बाहेर, पिशवी बाहेर, बोटाचा ठसा. माझ्या पुढच्या बाकावर पन्नाशीचे एक गुरुजी होते, मागं बावीस-तेवीसची मुलगी. काळ्या बॉलपेननं गोल भरताना माझा हात थरथरत होता. पहिल्या दहा मिनिटांत मला एकही प्रश्न धड वाचता आला नाही. चाचणीच्या दिवशी माझ्या वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी पेन तोंडात धरून का बसते, हे मला अडीच तासांत समजलं.

दीडशे गोलांमध्ये 'कसं केलंस ते सांग' हे विचारायला जागा नव्हती. शिक्षक कसा शिकवतो हे त्या कागदावरून कळणार नाही, हे मला आता अधिक ठामपणे वाटतं, कारण आता मी तो कागद सोडवलाय. नव्यानं लागणाऱ्यांना परीक्षा जरूर घ्या. आम्हाला मात्र कुणीतरी वर्गात येऊन मागच्या बाकावर बसून बघणारं हवं, तास झाल्यावर बाजूला घेऊन बोलणारं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला पन्नास तास प्रशिक्षण घ्यावं असं आहे. ते तास बहुतेक मोबाईलवर व्हिडिओ लावून भरतात. बाकीचा वेळ लिंक भरण्यात, पोषण आहाराच्या नोंदींत, मतदार यादीत जातो. तुम्ही गारगोटीला मौनी विद्यापीठात शिकलात, जे. पी. नाईकांचं नाव घेतल्याशिवाय तुमचं बोलणं संपत नाही. आपल्याच आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस देशाच्या शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव होता. त्या आयोगानं १९६६ ला सांगितलेले राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के अजून शिक्षणाला मिळालेले नाहीत आणि नव्या धोरणातही तोच आकडा पुन्हा लिहिलाय. तुमच्या रागाला खरी जागा तिथं आहे, अण्णा. माझ्या परीक्षेवर तो खर्च करू नका.

निकाल यायचाय. पास होईन असं वाटतं, गणित आणि मराठी चांगले गेलेत. नाही झाले तर पुन्हा बसेन, मुदत आहे. मला कुणी कमी लेखलं असं आता वाटत नाही, म्हणून तुम्हीही तसं धरू नका. आणि एकदा आईला विचारा, ऑक्टोबर १९८८ ला पेपरला जाताना तिच्या मनात काय होतं. मी विचारलं तर हसून टाळते. तुम्ही विचारलंत तर सांगेल.

संक्रांतीला येते. तोवर एक काम करा. तुम्ही अडतीस वर्षं जे वर्गात केलंत, काड्यांची मोळी, गुळाच्या रव्यावरून, म्हणजे ढेपेवरून, अपूर्णांक, गूळ करायच्या काहिलीच्या तोंडाला सुतळी लावून परीघ, हे सगळं कुठंच लिहिलेलं नाही. मला अर्धंच आठवतं. रव्यावरून पाव आणि पाऊण कसं सांगायचात ते तर नीट आठवतच नाही, आणि जानेवारीत मला ते वर्गात घ्यायचंय. तुमचा हात आता थरथरतो, तेव्हा तुम्ही फक्त सांगा. आई, तू लिहून घे. दोनशे पानी वही ओंकारच्या हातून पाठवतेय, रेघांची. न समजलेलं त्यांना पुन्हा विचार, तिसऱ्यांदा विचारावं लागलं तरी विचार.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा. म्हशीला ऊन पडल्याशिवाय बाहेर बांधू नका, थंडी वाढलीय.

तुमची,
वैशू