हताहत म्हणजे नुसते मेलेले नव्हेत

संपादक साहेब,
स.न.

मागच्या पावसाळ्यात आमच्या पाव्हण्यांच्या गावात भिजलेली मातीची भिंत पडली आणि दुसऱ्या दिवशी एका पेपरात हेडिंग आलं, "भिंत कोसळून सहा हताहत". मावशीनं ते वाचलं आणि पेपर हातात धरूनच उंबऱ्यावर बसली, कारण तिची लेक त्याच गल्लीत दिलेली, फोन काय लागेना. दुपारी कळलं की एक म्हातारे गेले, बाकी पाच जणांना मुका मार, कुणाचा हात मोडलेला, आणि लेक तर त्यात नव्हतीच. अर्धा दिवस मावशी सहा मढी डोळ्यापुढं घेऊन बसली होती.

हत म्हणजे मेलेला, आहत म्हणजे जखमी, दोन्ही जोडून हताहत. पण आता बातम्यात तो सरळ मेलेल्यांसाठी वापरतात, कधी "१० हताहत, २५ जखमी" असंपण लिहितात, मग त्या १० मध्ये जखमी धरायचे का नाही? कॅज्युअल्टी शब्दाचंपण तेच, अहो दवाखान्यात कॅज्युअल्टीत नेतात तो पेशंट जिवंत असतो म्हणूनच नेतात ना. आमच्या घरात कन्नड पेपरपण येतो, त्यात "सावु-नोवु" लिहितात, सावु म्हणजे मरण, नोवु म्हणजे दुखणं, आणि फक्त मेलेले मोजायचे तर "साविन संख्ये". आपल्याकडं "मृतांचा आकडा" हा चांगला शब्द असताना हताहत कशाला ओढायचा?

बेपत्ता माणसांचं तर याहून अवघड. जुलै २०२३ मध्ये रायगडच्या इर्शाळवाडीवर दरड आली, २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता असतानाच शोधकाम थांबवलं. तिथं नुसतं २७ लिहिलं तर ते ५७ जण बातमीतून जातात, आणि ८४ हताहत लिहिलं तर कुणाची माती झाली आणि कोण अजून ढिगाऱ्याखाली आहे ते कळतच नाही. घरच्यांना हा फरक फार मोठा असतो हो.

२०१९ च्या पुरात वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं तेव्हा आम्ही निपाणीत दिवसभर मोबाईलवर आकडेच बघत होतो, तेव्हापासून हे मनात आहे. हेडिंगात जागा कमी असते हे मान्य, पण "१ ठार, ५ जखमी" हे "सहा हताहत" पेक्षा असं कितीसं लांब होतंय?

आपला एक वाचक,
निपाणी, जि. बेळगाव