सहलीत जुन्या गोव्याला अर्धा तास नको, अर्धा दिवस द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या सिंधुदुर्गातल्या आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळांच्या गाड्या गोव्याकडे सुटतात आणि दरवर्षी वेळापत्रक तेच, सकाळी मंगेशी, मग जुने गोवे, मग बीच आणि संध्याकाळी पणजीला बोट. मी इतिहास शिकवते, आठवी-नववीला. गेल्या वर्षी आमच्या सहलीत जुन्या गोव्याच्या वाट्याला आली फक्त चाळीस मिनिटं, त्यातली वीस बॉम जिझसच्या रांगेत गेली, दहा बाथरूमला, उरलेल्या वेळात पोरांनी से कॅथेड्रलसमोर ग्रुप फोटो काढला आणि ट्रॅव्हल्सवाल्याने शिट्टी मारली. गाडीत एका मुलाने विचारलं, "बाई, ह्या एवढ्या मोठ्या घरांत रव्हत कोण होते? आणि मगे गेले खंय?" एवढा चांगला प्रश्न आणि उत्तर दाखवायला जागा मागे राहिलेली. मला फार वाईट वाटलं.

म्हणून यंदा मी मुख्याध्यापकांच्या मागेच लागले. अठ्ठावीस मुलं, एक गाडी, आणि दुपारपर्यंत फक्त जुने गोवे. त्याबद्दलच लिहितेय, कारण इतर शाळांनाही हे सहज जमण्यासारखं आहे.

निघायच्या आधी एक तास वर्गात घेतला. 'से' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ आसन, म्हणजे आपल्या भाषेत गादी. जिथे बिशपची गादी ते कॅथेड्रल. आमच्याकडच्या मुलांना मठाची गादी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, दाणोलीचा मठ सगळ्यांनी बघितलेला. हे से कॅथेड्रल डॉमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती साधूंसाठी पोर्तुगीज राजाच्या खजिन्यातून बांधायला घेतलं, १५६२ ला सुरुवात झाली आणि १६१९ ला काम पुरं झालं. सत्तावन्न वर्षं! पाया घालणाऱ्या गवंड्यांपैकी कितीजणांनी ते पूर्ण झालेलं पाहिलं असेल, असं एका मुलीने आपणहून विचारलं. सेंट कॅथरिनचं नाव दिलं कारण २५ नोव्हेंबर १५१० ला, तिच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशहाकडून हे शहर घेतलं होतं.

तिथे पोचल्यावर आधी कोणाला आत सोडलं नाही. समोर उभं करून सांगितलं की इमारतीत काय चुकल्यासारखं वाटतं ते शोधा. दोन मिनिटांत गलका झाला, एकच मनोरा आहे! दुसरा १७७६ ला कोसळला तो पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात जी मोठी घंटा आहे तिला तिच्या आवाजावरून सोन्याची घंटा म्हणतात. लांबी साधारण ७६ मीटर, म्हणजे कबड्डीची जवळजवळ सहा मैदानं एकापुढे एक. हे सांगून आत नेलं तेव्हा गप्प बसा असं कोणाला सांगावंच लागलं नाही. सोन्याचा मुलामा दिलेली ती मुख्य वेदी, तिच्यावर कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत, मुलं मान वर करून बघतच राहिली.

पण खरी मजा आली ती मठांत. कॅथेड्रलच्या मागेच फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंचा मठ आहे, ते १५१७ ला गोव्यात आले, आणि आता त्या मठात पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे (शुक्रवारी बंद असतं हे सहल ठरवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही). शेजारच्या त्यांच्या चर्चमध्ये जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवल्यात, त्यावर घराण्यांची चिन्हं आणि अक्षरं. एक मुलगा खाली उकिडवा बसून बोटाने अक्षरं गिरवत होता आणि आकडा ओळखू आल्यावर ओरडला, बाई हे तर शिवाजी महाराजांच्या काळातलं! आणि म्युझियममध्ये गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याच्या काळातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा) आणि सतीच्या शिळा ठेवल्यात. ज्या मठात साधूंनी गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची शपथ घेऊन दिवस काढले, पहाटेपासून रात्रीपर्यंत घंटेवर उठायचं, प्रार्थनेला जायचं, जेवायचं, झोपायचं, तिथेच आज आपले वीरगळ उभे. पहाटेच्या प्रार्थनेचं सांगितल्यावर मुलंच म्हणाली, आमच्या काकडआरतीसारखं.

मग टेकडी चढून सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्च-मठाच्या अवशेषांकडे. इथे तासभर तरी पाहिजेच. साधारण ४६ मीटर उंच असलेल्या मनोऱ्याचा जो भाग उरलाय तोच अंगावर येतो, सगळा उघडा जांभा दगड, आमच्या घरांचाच चिरा. मुलांनी हात लावून बघितला, गिलावा गेल्यावर खाली आपलाच दगड निघतो हे त्यांना फार भारी वाटलं. चर्च १६०२ ला पूर्ण झालं होतं. पोर्तुगालमध्ये १८३४ ला सरकारने साधूंचे मठ बंद करून मालमत्ता ताब्यात घेतली, पुढच्या वर्षी गोव्यातही तेच झालं, इथले ऑगस्टीनियन साधू निघून गेले, १८४२ ला चर्चचं छत कोसळलं आणि १९३१ ला दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा पडला. खंय गेले, याचं उत्तर असं त्या ढिगाऱ्यात उभं राहून मिळालं. समोरच्या सांता मोनिका मठात नन राहायच्या, तिथली शेवटची नन १८८५ ला वारली. आणि ऑगस्टीनची घंटा आज पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चवर आहे, सगळे सिनेमावाले जिथे शूटिंग करतात तिथे. संध्याकाळी ती मुद्दाम दाखवली.

त्याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी मिळाल्या. इराणात शिराझला १६२४ ला तिला मारलं आणि ऑगस्टीनियन साधूंनी अवशेष गोव्यात आणले, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून खात्री झाली आणि २०२१ ला भारताने त्यातला एक भाग जॉर्जियाला दिला. ही गोष्ट ऐकताना एकाही मुलाने मोबाईल मागितला नाही.

काही पालकांनी आधी फोन करून विचारलं होतं की तुम्ही मुलांना चर्च कशाला दाखवताय, आपली देवळं पाडली ती त्यांनीच ना. हो, पाडली, आणि इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ होतं, मधली थोडी वर्षं सोडून, हेही मी वर्गात सांगितलं, लपवलं नाही. समोर दिवाडी बेट दिसतं, सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ तिथलं, पुढे नार्व्याला शिवाजी महाराजांनी १६६८ ला त्याचा जीर्णोद्धार केला. संभाजी महाराजांचं सैन्य १६८३ ला जवळच्या जुवे बेटापर्यंत आलं तेव्हा शहरात काय धांदल उडाली तेही सांगितलं. आणि हेही सांगितलं की थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ ला गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं, १६१६ ला ते छापून झालं. कॅथेड्रल पूर्ण झालं त्याच १६१९ साली तो वारला. चौदा वर्षांच्या मुलांना हे सगळं एकत्र झेपतं, मोठ्यांना उगाच वाटतं की झेपणार नाही.

शिक्षण खात्याने सहलीच्या परवानगीच्या अर्जात प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार हे लिहायला लावावं, एवढी माझी मागणी आहे. आणि मुख्याध्यापकांना विनंती, ट्रॅव्हल्सवाल्याने आणलेलं छापील वेळापत्रक सही करून परत देऊ नका, बोट आणि बीच दुपारनंतर ठेवायला सांगा, पैसे तेवढेच लागतात. कॅथेड्रल आजही चालतं चर्च आहे, त्यामुळे मिसाच्या (प्रार्थनेच्या) वेळा आधी विचारून घ्याव्यात. आमचं हाताने लिहिलेलं वेळापत्रक कोणाला पाहिजे असेल तर मी द्यायला तयार आहे, पत्ता तुमच्याकडे आहेच.

- एक शिक्षिका, सावंतवाडी